तिच्या खुर्चीची उंची

फॉर्मवर एका खुर्चीचं चित्र होतं. चार पाय, पाठ, दोन हात आणि चहूबाजूंनी बाण. प्रत्येक बाणापुढे एक रिकामा चौकोन. बैठकीची जमिनीपासून उंची, रुंदी, हातांची उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये. वर इंग्रजीत एक ओळ होती, की पेशंट घरी जेवताना नेहमी ज्या खुर्चीत बसतात तिची मापं घेऊन लिहावीत.

असला फॉर्म म्हणजे माझ्या हातचा मळ. हीथ्रोजवळच्या एका कार्गो ऑफिसात मी बत्तीस वर्षं काढली. विमानाच्या पोटात काय मावेल आणि काय मावणार नाही, हे सांगण्याचाच मला पगार मिळायचा. एकदा एक भलाथोरला पियानो माझ्या चार सेंटिमीटरच्या चुकीमुळे तीन दिवस शेडमध्ये बसून राहिला होता. त्याचा मालक मला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तो अपवाद. एरवी टेप हातात घेतली की मी राजा.

बायकोला जानेवारीत स्ट्रोक झाला होता. डावा हात आणि डावा पाय लुळे पडले. बोलणं शाबूत राहिलं, पण एकेक शब्द रविवारच्या बससारखा यायचा. येणार हे नक्की, कधी ते विचारायचं नाही. सहा आठवड्यांनी तिला रिहॅब वॉर्डात हलवलं आणि तिथली थेरपिस्ट, आमच्या मुलीपेक्षाही लहान असेल, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. म्हणाली, घरी गेल्यावर तुम्हाला काय करता यायला हवंय? एक गोष्ट सांगा. आपण तिच्यासाठी मेहनत करू.

बायको मग म्हणाली, "टेबलावर. बसून. जेवायचंय."

स्ट्रोकनंतर तिला मराठीच सुचायची, म्हणून मी भाषांतर केलं. थेरपिस्टने ते लिहून घेतलं. खरं सांगतो, मला जरा कमीपणा वाटला. शेजारच्या बेडवरच्या आजींनी नातवाच्या लग्नात नाचायचंय असं सांगितलं होतं. आणि आमची ही, जेवायचंय म्हणते! मी म्हटलं, "अगं, काहीतरी मोठं सांग. जिना चढायचं सांग, देवळात जायचं सांग."

"जेवायचंय," ती म्हणाली. "टेबलावर."

थेरपिस्टने समजावून बघितलं. जिना चढणं अवघड, तेव्हा सगळेच करतात तसं डायनिंग रूममधलं टेबल काढून तिथे हॉस्पिटलसारखा पलंग टाकायचा. पलंगावर सरकणारं छोटं टेबल मिळतं, त्यावर ताट ठेवता येतं. यावर बायकोने उजव्या हाताने असं काही झटकून नाही म्हटलं की तिथला पाण्याचा पेला उडाला. अंथरुणात बसून जेवणं आमच्याकडे अभद्र समजतात. हॉस्पिटलात नाइलाज होता. घरी ती तसं जेवणार नव्हती, म्हणजे नव्हती. शेवटी पलंग पुढच्या खोलीत, टीव्हीच्या जागी टाकायचं ठरलं. डायनिंग रूम वाचली, आणि तो खुर्चीचा फॉर्म माझ्या हातात आला.

आमचं घर लंडनजवळ स्लाऊला आहे. जुन्या पद्धतीचं, एका बाजूने शेजाऱ्याला चिकटलेलं. डायनिंग रूममध्ये काळपट लाकडाचं टेबल आणि सहा खुर्च्या. मी टेप घेऊन उकिडवा बसलो. रेडिएटरजवळची खुर्ची माझी. खिडकीजवळची मुलीची. उरलेल्या चार पाहुण्यांच्या. मी पुन्हा मोजल्या. मग मुलीला फोन लावला. ती इल्फर्डला राहते, कंपन्यांची ऑफिसं सजवून देते. वाढली स्लाऊत, त्यामुळे मराठी बोलते ते धाडसाने.

"अगं, आई जेवताना कुठे बसते?"

"व्हॉट?"

"आईची खुर्ची कोणती? फॉर्म भरायचाय."

"विंडोच्या जवळचा."

"ती तुझी."

"मग रेडिएटरच्या जवळचा."

"ती माझी."

ती मग म्हणाली, "बाबा, आई बसायचीच नाही. आपण बसायचो."

"मग ती जेवायची कुठे?"

"तुम्ही मला विचारता? तुम्ही तिचे नवरा आहात!"

आता यातली गोम सांगतो. आमच्या स्वयंपाकघर आणि डायनिंग रूममधल्या भिंतीत एक चौकोनी खिडकी आहे. इथे तिला हॅच म्हणतात. पलीकडून ताटल्या द्यायच्या, अलीकडून घ्यायच्या. घर घेतलं तेव्हा ती हॅच बघून मी हरखलो होतो. कारण लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मी जाहीर केलं होतं की गार पोळी मला चालत नाही. कोणी विचारलं नव्हतं. पण तरुण माणसाला काहीतरी जाहीर करायचं असतं. तेव्हापासून आमच्याकडे पोळी तव्यावरून थेट ताटात पडायची. तवा पलीकडे, मी अलीकडे, मध्ये हॅच. पाहुणे आले की मी फुशारकी मारायचो, की बघा, हॉटेलातसुद्धा अशी सर्व्हिस नाही. हॅचमधून छातीपासून वरती दिसणारी बायको हसून म्हणायची, "अजून एक घ्या ना." ती दिवसभर केमिस्टच्या काउंटरमागे उभी असायची आणि घरी येऊन हॅचमागे उभी राहायची. आमचं झालं की मी लाउंजमध्ये बातम्या लावायचो. तेव्हा कधीतरी ती ओट्याशी उभ्याने जेवून घेत असणार. असणार म्हणतो, कारण मी बघितलेलं नाही.

चौतीस वर्षं. मी त्या फॉर्मपुढे बसलो. चौकोनांत लिहायचं काय? 'पेशंट उभे राहतात' असा पर्याय छापलेला नव्हता. थेरपिस्टला खरं सांगायची लाज वाटली. मग मी रेडिएटरजवळची माझी खुर्ची मोजली आणि तिच्या नावावर लिहून टाकली. बैठकीची उंची सत्तेचाळीस सेंटिमीटर. खाली सही ठोकली.

दोन दिवसांनी थेरपिस्टने मला बाजूला घेतलं. तिने बायकोचा गुडघ्यापासून टाचेपर्यंतचा पाय मोजला होता. माझी बायको जेमतेम चार फूट अकरा इंच. त्या पोरीच्या कपाळाला आठ्या होत्या. म्हणाली, या खुर्चीत यांचे पाय जमिनीला टेकतच नसतील. इतकी वर्षं यांनी भागवलं कसं?

"शी इज यूज्ड टू इट," मी म्हटलं. सवय आहे तिला.

पलंगावरून बायको सगळं ऐकत होती. घरच्या सहाही खुर्च्यांची व्यवस्था तिला पाठ होती. ती माझ्याकडे बघून तोंडाच्या चालणाऱ्या अर्ध्या बाजूने हसली. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

थेरपिस्टने कागदावर लिहून दिलं. बैठक कडक हवी, फार उंच नको. पाय घट्ट हवेत, चाकं नकोत. आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, कारण उजव्या हाताने रेटा दिल्याशिवाय ती उठू शकणार नव्हती. आमच्या सहांतल्या एकाही खुर्चीला हात नव्हते. ती घरी यायला तीन आठवडे होते.

मुलगी शनिवारी आली ती रंगाच्या नमुन्यांचे कागद घेऊन. म्हणाली, "बाबा, नुसता खुर्ची नाही. पूर्ण रूम करू या. आईला बसावंसं वाटला पाहिजे." तिने खोलीतलं एकेक बाहेर काढलं. टेबलावरचं प्लॅस्टिक. त्याखालचं जुनं प्लॅस्टिक. केमिस्टने दिलेलं कॅलेंडर. पाहुणे येतील म्हणून काचेच्या कपाटात ठेवलेला आणि पाहुणे आल्यावर फुटेल म्हणून न काढलेला डिनर सेट. भिंतींना तिने एक हिरवट करडा रंग दिला. त्याचं नाव डब्यावर इतकं काव्यमय होतं की मी ते विसरलो. टेबलावर अगदी खाली एक दिवा टांगला. त्यावर माझं डोकं रोज आपटायचं. ती म्हणायची, "बाबा, तो बसलेल्या माणसांसाठी आहे."

ते वाक्य तिने सहज म्हटलं होतं. मला दिव्यापेक्षा जास्त लागलं.

मग आम्ही खुर्च्या बघायला गेलो. मोटरवेच्या कडेला एवढं मोठं फर्निचरचं दुकान, की आत माणूस हरवला तर सोफ्यावर संसार थाटेल. मुलीला एक पांढरट, मेंढीच्या लोकरीसारख्या कापडाची खुर्ची आवडली. मी म्हटलं, "हळद."

"काय हळद?"

"पहिल्या वरणाला ही खुर्ची पिवळी होणार."

ती बाद झाली. दुसरी मखमली होती. तिच्यात बसलो तो खोल गेलो आणि बाहेर यायला मुलीचा हात लागला. तेव्हा मी ठरवलं की नीट परीक्षा घ्यायची. डावा हात मांडीवर लोंबता सोडला, डावा पाय ढिला केला आणि फक्त उजव्या हाताच्या जोरावर उठायला लागलो. एका खुर्चीतून उठताना तोल गेला, तोंडही वाकडं झालं असावं. मुलगी दिव्यांच्या विभागात गेलेली. दुकानातल्या माणसाने मला पाहिलं आणि तो धावत आला. सर, हसून दाखवा. सर, दोन्ही हात वर करा. सर, तुमचं नाव सांगा. स्ट्रोकची लक्षणं ओळखायच्या पोस्टरवर असतं तसंच सगळं, आणि अगदी बरोबर. मी त्याला सांगत होतो की मी ठीक आहे, मला नाही, माझ्या बायकोला. तो मागे वळून ओरडला, "हिज वाइफ! वेअर इज हिज वाइफ?"

मुलगी धावत आली तोपर्यंत मला पाणी, एक बिस्कीट आणि बसायला, साहजिकच, खुर्ची मिळाली होती. तिने सगळं निस्तरलं. गाडीत बसल्यावर ती हसायला लागली, मीही हसलो, आणि मग ती हसता हसता रडायला लागली. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, तरी मला गिअर टाकायचं सुचेना.

खुर्च्या मात्र त्याच दुकानातून घेतल्या. हातांच्या दोन. एक तिला, एक मला, म्हणजे तिची वेगळी दिसायला नको. बैठकीची उंची मी तीनदा मोजली. एकदम बरोबर. खुर्च्या घरी आल्या, मी तिची खुर्ची टेबलाखाली सरकवायला गेलो आणि ठक्क. हात टेबलाच्या फळीला अडले. खुर्ची टेबलापासून फूटभर लांबच राहिली. बसणाऱ्याने जेवायचं तर ताट कोणीतरी फेकायला हवं होतं.

विमानाच्या दारातून बत्तीस वर्षं सामान आत घालणारा माणूस मी. फॉर्मवर हातांच्या उंचीचा चौकोनसुद्धा होता. पण जुन्या खुर्चीला हात नव्हते म्हणून मी तिथे रेघ मारली होती, आणि रेघ मारलेल्या गोष्टी मी पुन्हा बघत नाही.

मी टेबलाच्या पायांखाली उंचवटे लावले. आता खुर्ची आत गेली. मुलीला म्हटलं, बसून बघ. ती बसली तर ताट तिच्या हनुवटीला.

"बाबा, आई माझ्यापेक्षा छोटी आहे! तिचा फक्त डोळे दिसेल!"

उंचवटे काढले. मग करवत आणली आणि टेबलाच्या कडेखालच्या फळीचा, तिच्या बाजूचा, दोन हात जातील एवढा भाग कापून काढला. उंदराने खाल्ल्यासारखा दिसत होता. पण खुर्ची सरसर आत गेली. मुलीने वाकून बघितलं आणि म्हणाली, "डिझाइन फीचर." त्या तीन आठवड्यांत मला मिळालेली ती एकमेव शाबासकी.

बायको मार्चमध्ये घरी आली. चालायच्या फ्रेमचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत ती डायनिंग रूमच्या दारापर्यंत पोचली आणि थांबली. मुलगी तिच्या मागे उभी.

"कुणाचं. घर. हे?" ती म्हणाली. मग भिंतीकडे बघून, "शेवाळं. आलंय."

"आई!"

"छान. आहे."

आम्ही तिला खुर्चीत बसवलं. पाय जमिनीला टेकले. तिने पाय दोनदा आपटून बघितले, शाळेतल्या मुलीसारखे.

माझी प्रायश्चित्ताची योजना तयार होती. हॉस्पिटलच्या त्या नऊ-दहा आठवड्यांत मी पोळ्या करायला शिकलो होतो. शिकलो म्हणजे कणकेचं आणि माझं एकमत झालं होतं की गोल करण्याचा आग्रह धरायचा नाही. मी ठरवलं, आता ती बसेल आणि मी उभा राहीन. तिच्या ताटात तव्यावरची पोळी पडेल. मुलगी इल्फर्डला परत गेल्यावर दुसऱ्या दिवसापासून मी सुरू केलं. ती टेबलाशी, मी तव्याशी. हॅचमधून वाकून मी विचारायचो, "अजून एक घेणार ना?"

थेरपिस्टने एका हाताने कापता येईल अशी वाकडी सुरी दिली होती. ती डब्यातच राहिली. आम्ही पोळी एका हाताने तोडतो हे त्या बिचारीला कोणी सांगितलं नव्हतं. बायकोचा उजवा हात पहिल्यासारखा चालायचा. घास छोटे झाले होते, आणि चावायला वेळ लागायचा. एक पोळी संपायला अर्धा तास. तोवर मी दुसरी लाटून वाट बघत उभा. तिची संपेपर्यंत ती वाळायची, मग मी नवी लाटायचो. घामाघूम व्हायचो आणि मनातून फार बरं वाटायचं. आपण किती करतो आहोत, या भावनेसारखं उबदार दुसरं काही नाही. तिचं झालं, तोंड पुसून दिलं, पलंगावर नेऊन निजवलं, की मी ओट्याशी उभ्याने चार घास गिळायचो.

एक गोष्ट मला खटकायची. कुकरची शिट्टी झाली की ती खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला बघायची. मी हॅचमधून ओरडायचो, "अगं, बस ना! मी आहे ना!" ती बसायची. पण चार घासांनंतर जेवण सोडून द्यायची. वजन उतरत चाललं. मला वाटलं पोळ्या कच्च्या राहतायत. मी गॅस वाढवला. मग वाटलं, भाजी तिखट होतेय. कम्युनिटी नर्स आली तिलाही मी सांगितलं, भूक लागत नाही हिला.

दोन आठवडे असे गेले. एका दुपारी मी हॅचमधून पोळी पुढे केली. तिने हात पुढे केला नाही.

"नको?"

"अहो."

"काय गं?"

"रोज. एकटीच. जेवते मी."

माझ्या हातात पोळी तशीच राहिली. ती पुढचा शब्द शोधत होती. मी थांबलो.

"तुमच्या. बरोबर. म्हटलं होतं मी."

तिने तसं म्हटलं नव्हतं. तिने टेबलावर बसून जेवायचंय, एवढंच म्हटलं होतं, मला शब्दन् शब्द आठवत होता. ते वाद घालणारं वाक्य माझ्या जिभेवर आलंसुद्धा. सुदैवाने तेवढ्यात तव्यावरची पोळी जळाली आणि मला तिकडे बघावं लागलं. धुराचा अलार्म वाजायला लागला. मी टॉवेल हलवत दोन्ही खोल्यांत नाचलो, तो दिवा कपाळाला लागला, आणि अलार्म बंद झाल्यावर बघतो तर ती डोळे पुसत होती. हसून की कसं, ते मला कळलं नाही.

काय करून ठेवलं होतं मी? चौतीस वर्षं भिंतीच्या एका बाजूला एक माणूस जेवत होता आणि दुसऱ्या बाजूला दुसरा उभा होता. मी फक्त बाजू बदलल्या होत्या. खोली रंगवली, दिवा टांगला, टेबल कापलं, आणि दोन खुर्च्या आणून एकीत कोणीच बसत नव्हतं.

त्या दिवशी मी गॅस बंद केला. आदल्या दिवशीच्या दोन पोळ्या डब्यात होत्या. गार. त्या घेतल्या, तिच्यासमोरच्या खुर्चीत बसलो आणि खाल्ल्या. गार पोळी चांगली लागते. भाजीचा रस नीट धरते. हे मला साठी ओलांडल्यावर कळलं.

"काही. झालं नाही. ना?" ती म्हणाली.

"कशाने?"

"तुम्हाला. गार पोळीने."

त्यानंतर आम्ही बहुतेक मुगाची खिचडीच करायचो. एकदा टेबलावर पातेलं आणून ठेवलं की कोणाला उठायला नको. ती वाढायची. तो हक्क तिने माझ्याकडे दिला नाही. डाव्या हाताने पातेलं धरता येत नसे, म्हणून मी धरायचो आणि ती उजव्या हाताने पळी चालवायची. आधी माझ्या ताटात, मग तिच्या. आणि ती दोन घास जास्त खायला लागली.

आणि ती बोलायला लागली. बोलणं म्हणजे एका जेवणात तीन-चार वाक्यं. पण समोर बसलेल्या माणसाला थांबावंच लागतं, उठून बातम्या लावता येत नाहीत. एकदा मुलीने पाठवलेल्या डब्यात भरली वांगी होती. मी मिटक्या मारत होतो. ती म्हणाली, "मला. वांगं. आवडत नाही."

"कधीपासून?"

"लहानपणा. पासून."

"मग महिन्यातून दोनदा करायचीस कशाला?"

तिने उत्तर द्यायची तसदी घेतली नाही. चमच्याने वांगी माझ्या ताटात सरकवली.

दुसऱ्या एका दिवशी तिने सांगितलं की मुलगी शाळेत असताना ती एकदा एकटीच बसने विंडसरला गेली होती. कामाला सुट्टी टाकून. डब्यात सँडविच घेऊन नदीकाठी बसली, बदकं बघितली, परत आली. कोणाला सांगितलं नाही.

"मला तरी सांगायचंस."

"सांगणार. होते. बातम्या. चालू होत्या."

असं पाच आठवडे चाललं. एखादी गोष्ट लांबली की ती दमायची आणि म्हणायची, "राहिलेलं. उद्या." आणि दुसऱ्या दिवशी खरोखर तिथूनच सुरू करायची. मला त्याची चटकच लागली होती. अकरापासून मी घड्याळ बघायला लागायचो. नर्स म्हणाली, वजन थोडं वाढलंय.

एप्रिलच्या अखेरीस एका बुधवारी तिने केमिस्टच्या दुकानातला पहिला आठवडा सांगायला घेतला. नवीन होती, इंग्रजी बोलायला घाबरायची. एक म्हातारी इंग्रज बाई रोज यायची, काही न घेता हिच्याकडे टक लावून बघायची आणि निघून जायची. हिला वाटायचं, बाईला आपण इथे नको आहोत. शुक्रवारी ती बाई आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. तिने ते काउंटरवर ठेवलं. म्हणाली, हे तुझ्यासाठी.

"मी. उघडलं," बायको म्हणाली. "आणि. इतकी. हसले." नुसत्या आठवणीनेच तिचा चेहरा फुलला होता, चालणारी बाजू आणि न चालणारीसुद्धा. "दुकानातले. सगळेच."

"काय होतं त्यात?"

ती दमली होती. डोळे मिटत होते. "उद्या," म्हणाली.

मी आग्रह केला नाही. आमची तशी पद्धतच पडली होती.

गुरुवारी सकाळी तिला दुसरा स्ट्रोक झाला. हॉस्पिटलात चार दिवस होती. डोळे उघडले नाहीत.

दिवसवार झाल्यावर मी मुलीला विचारलं. तिला ती गोष्ट माहीतच नव्हती. म्हणाली, "आई मला असं कधी सांगितली नाही." मग मी बस पकडून त्या दुकानापाशी गेलो. तिथे आता नखं रंगवायचं दुकान आहे. शेजारच्या भाजीवाल्याला विचारलं, जुना केमिस्ट कुठे गेला? तो म्हणाला, मी दोन वर्षांपूर्वी आलो. त्याने मला कोथिंबीर घेता का विचारलं. मी घेतली.

मुलगी आता दर रविवारी येते. आम्ही समोरासमोर बसून जेवतो आणि अंदाज करतो. मुलगी म्हणते, जुन्या साड्या असतील, ती बाई कधीकाळी इंडियात राहिलेली असेल. मी म्हणतो, खोटे दात. मग वाटतं, त्यात हसण्यासारखं काय, तेही भेट म्हणून. परवा मी म्हटलं, बागेतला रुबार्ब असेल. लाल देठांची ती आंबट भाजी इथली म्हातारी माणसं सगळ्यांना वाटत असतात, आणि तेही वर्तमानपत्रात गुंडाळूनच.

मुलीने घास चावून संपवला आणि मान हलवली.

"नाही, बाबा. रुबार्बला कोण इतका हसेल?"

ते खरंच आहे. रुबार्ब नसणार.